चोपन्न किलो बटाटे

केर्त्तू शाळेत गेली की
तिच्या सीटवर मी बटाटे बसवतो,
एक पोतं तिसाचं, एक चोविसाचं,
वरून पट्टा आवळतो.
रिकाम्या गाडीचं वजन
कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

गुरांच्या डॉक्टरकडून
वासरं तोलायचे काटे आणलेत, दोनच;
म्हणून बाकीच्या दोन चाकांखाली
तेवढ्याच उंचीच्या फळ्या.
बोथ्नियाच्या आखाताकडचा हा मुलूख
परातीसारखा सपाट,
पण गोठ्याची फरशी बोटभर कललेली,
गाई होत्या तेव्हा पाणी वाहून जायला.
ते बोटभर आधी वजा करायचं,
मग बाकीचा हिशोब.

डावं पुढचं चाक जड.
उजव्या पुढच्या स्प्रिंगखाली
रबराची चकती सरकवली,
तर भार वाढला डाव्या मागच्यावरही.
एक कोपरा उचलला
की दबतं ते तिरक्या टोकाचं कुणीतरी.
हे मला या घरात राहायला आलो
त्याच वर्षी कळायला हवं होतं.

मासे पकडायची दोरी
गाडीच्या दोन्ही बाजूंना ताणली, पट्टी लावली.
पुढची चाकं दोन मिलिमीटर बाहेर बघतायत.
बघू देत.
नाकासमोर बघणारी चाकं
वाळूत उशिरा वळतात.

संध्याकाळी ब्रेक.
ती आत, पेडलवर पाय ठेवून.
मी खाली, उजव्या मागच्या चाकाशी;
सगळ्यात लांबच्यापासून सुरुवात करतात.
दाब.
दाबलंय.
धर.
धरलंय.
नळीतून बुडबुडे,
हिल्क्काच्या जॅमच्या रिकाम्या बरणीत.
सोड.
दाब.
अख्ख्या हिवाळ्यात आम्ही दोघं
इतकं सलग बोललो नव्हतो.
चौथ्या चाकाला पेडल दगड झालं,
तरी ती म्हणाली, अजून एकदा,
आत हवा आहे असं वाटतंय.
हवा नव्हती.
मी पाना लावला.

मे महिन्यात खडीच्या जुन्या खाणीत शर्यत.
टायरच्या खांद्यावर खडूच्या रेघा ओढल्या,
सरावाच्या फेरीनंतर बघितलं
कुठवर पुसल्यात ते.
पुढचे टायर फारच लोळत होते,
त्यांत थोडी हवा भरली,
मागच्यांतली सोडली,
आणि बोट चाटून वारा बघितला,
ज्याचा कशाशीच संबंध नव्हता.
ती तिसरी आली.
शेवटच्या वळणावर तिनं ब्रेक इतका उशिरा दाबला
की हिल्क्कानं माझी बाही धरली
आणि नंतर बराच वेळ सोडली नाही.

आता या शर्यतींचा नियम:
संपल्यावर कुठलीही गाडी
ठरल्या किमतीला मागेल त्याला द्यायची,
म्हणजे कुणी पैसा ओतणार नाही.
मागणारे जास्त असले तर चिठ्ठ्या.
नाही म्हणालात तर परवाना जातो.

आमच्या गाडीला अकरा चिठ्ठ्या.
निघाली टार्मो नावाच्या पोराची,
लाकूडगिरणीतला असावा,
कोपरापर्यंत भुसा.
त्यानं नोटा मोजल्या, दोनदा,
आणि केर्त्तूकडे बघायचं टाळलं.

मी खिशातला पाना मुठीत धरून उभा.
चकती काढायची तर वीस मिनिटांचं काम,
आणि नियमांत
चकतीबद्दल एक अक्षर नाही.

केर्त्तूनं हेल्मेट टपावर ठेवलं.
त्या पोराला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं,
मी पोती न्याहाळतो तसं.
वजन किती तुझं?
ब्याऐंशी, तो म्हणाला, का?

ती माझ्याकडे वळली.
मग उजवीकडे जाड चकती लागेल.
आहे का आपल्याकडे?

होती.
डब्यात तळाला होती,
पण मी उगाच बराच वेळ शोधत राहिलो.